रात्रीचा गोळा आणि घरांतलीं वडील माणसें

मध्यरात्र उलटून गेलेली असते. दिवे मालवलेले, दारें लोटलेलीं, माजघरांत मुलेंबाळें गाढ झोपलेलीं असतात. अशा वेळीं घरांतील एखाद्या वृद्ध माणसाच्या पोटरींत अकस्मात् कळ उठते. पोटरीचें मांस दगडासारखें कठीण होतें, पावलाचा चवडा आपोआप खालीं ओढला जातो, आणि कोणी आंतून मूठ आवळावी तसा तो भाग पिळून निघतो. तें माणूस ओंठ दाबून, अंथरुणाची कड घट्ट धरून ती वेळ कशीबशी काढतें. कांहीं क्षणांनीं, क्वचित् पांच-दहा मिनिटांनीं, मूठ सैल पडते. दुखरेपणा मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. सकाळीं चहाच्या वेळीं कोणीं विचारलेंच, तर "रात्रीं जरा गोळा आला होता" एवढ्यावर विषय संपतो.

कोणी यास गोळा म्हणतात, कोणी वांब, कोणी पेटका. नांव कोणतेंही असो, साठी उलटलेल्या दर तीन माणसांत निदान एकास तरी याचा अनुभव असतो, आणि वय वाढेल तसें हें प्रमाणहि वाढत जातें. इतकें सर्वसाधारण असलेलें हें दुखणें घरोघर अबोल कां राहावें? वृद्धांस वाटतें, एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठीं दुसऱ्यांस काय त्रास द्यावयाचा. आणि तरुणांस वाटतें, वय झालें म्हणजे असें व्हावयाचेंच. दोन्ही समज अर्धवट खरे आहेत, आणि अर्धवट खऱ्या समजुतींनींच पुष्कळदां घात होतो.

आमच्याच घरांतील गोष्ट सांगतों. आमच्या थोरल्या काकू आज ७८ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांतील एका रात्रीं त्या अंथरुणावरून उठल्या आणि अंधारांत भिंत चांचपतां चांचपतां पडल्या. मनगटाचें हाड मोडलें. पाय घसरला असेल, असें सर्वांस वाटलें. हात प्लॅस्टरमध्यें घालून त्यांना घरीं आणल्यावर धाकट्या सूनबाईनें पाय चेपतां चेपतां सहज विचारलें, तेव्हां खरी हकीकत बाहेर आली. पाय घसरला नव्हता. पोटरींत गोळा आला म्हणून त्या उभ्या राहूं पाहत होत्या. आणि हा कांहीं पहिला गोळा नव्हता. जवळजवळ दीड वर्ष, आठवड्यांतून तीन-चार रात्रीं, हें चाललेलें होतें.

"काकू, मग आम्हांला हाक कां नाहीं मारलीत?"

"अगं, तुम्ही दिवसभर कामानें थकलेलीं, मुलांच्या परीक्षा चाललेल्या. एका गोळ्यापायीं सगळें घर कशाला जागें करूं?"

बारा माणसांच्या घरांत एक माणूस दीड वर्ष रात्रीं एकटें कण्हत होतें, आणि आम्हां कोणास त्याचा पत्ता नव्हता. हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों तें याच कारणानें.

हें दुखणें कांहीं आजकालचें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील विसाव्या अध्यायांत वाताचे जे ८० विकार मोजले आहेत, त्यांत 'पिंडिकोद्वेष्टन' असें एक नांव आहे. पिंडिका म्हणजे पोटरी आणि उद्वेष्टन म्हणजे आवळून पिळणें. एका समासांत दुखण्याचें सारें चित्र उभें राहिलें आहे. आजच्या शास्त्रानें त्यांत भर घातली आहे ती कारणाची. मूळ बिघाड स्नायूंत नसून स्नायूंस हुकूम पोंचविणाऱ्या मज्जातंतूंत असावा, असें आतां मानतात. स्नायूंतील विद्युत् टिपणारें यंत्र लावून पाहिलें असतां, गोळा येतांना हे तंतु न थांबतां अतिशय वेगानें संदेश पाठवीत असल्याचें दिसतें. स्नायु बिचारा हुकमाचा ताबेदार; तो आवळत जातो.

मग हें रात्रींच कां, आणि उतारवयांतच अधिक कां? निजलेल्या माणसाचें पाऊल स्वभावतः खालीं झुकलेलें असतें. त्यामुळें पोटरीचा स्नायु आधींच आखडून आंखूड झालेला असतो. अशा स्थितींत झोपेंत पाय किंचित् ताणला, तरी आखडलेल्या स्नायूस आणखी आवळण्याचा हुकूम मिळतो, आणि गोळा बांधला जातो. वयपरत्वें मज्जातंतूंची संख्या कमी होते, स्नायूंच्या शिरा आंखूड व ताठर होतात, चालणें-फिरणें घटतें. या सर्वांची त्यांत भर पडते. कांहीं विद्वानांचा असाहि एक तर्क आहे कीं, उकिडवें बसण्याची संवय सुटल्यामुळें पोटऱ्यांस मिळणारा रोजचा ताण नाहींसा झाला. हा तर्क सिद्ध झालेला नाहीं. तरी पाटावरून टेबलाकडे आणि चुलीपुढून ओट्याकडे गेलेल्या आपल्या घरांस तो विचार करावयास लावील. मात्र गुडघे धरलेल्या आजीबाईंस कोणीं तो ऐकून उकिडवें बसावयास लावूं नये!

थंडीमुळें गोळे येतात, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील औषधांच्या नोंदी तपासून २०१५ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो नेमका उलट आहे. तेथें गोळ्यांवरील औषध नव्यानें सुरू करणाऱ्यांची संख्या ऐन उन्हाळ्यांत हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट भरली. तेव्हां पायांवर रजईवर रजई चढवून आपण कर्तव्य केलें असें कोणीं समजूं नये. उलट जड पांघरूण पायांशीं घट्ट खोंचलें, तर पाऊल आणखीच खालीं दबतें. पांघरूण पायांशीं सैल असावें, हें बरें.

आतां प्रत्यक्ष उपायाकडे वळूं. गोळा आला असतां करावयाची गोष्ट एकच आहे, आणि ती अगदीं सोपी आहे: आवळलेल्या स्नायूस ताण द्यावयाचा. अंथरुणावर उठून बसावें, गुडघा सरळ ठेवावा आणि पावलाचा चवडा आपल्या नडगीकडे ओढून धरावा. हात पोंचत नसल्यास पंचा किंवा जुनें उपरणें चवड्याखालून घेऊन त्याचीं दोन्ही टोकें आपल्याकडे ओढावीं. दुसरें माणूस जवळ असेल, तर त्यानें एक हात टांचेखालीं द्यावा व दुसऱ्या हाताच्या तळव्यानें चवडा हळूहळू वर, गुडघ्याच्या दिशेनें, लोटावा. हिसका देऊं नये. गोळा विरेपर्यंत तसेंच धरून ठेवावें. मग हलक्या हातानें चोळावें व वाटल्यास गरम कापडानें शेकावें. आपल्या आज्या पायाचा अंगठा धरून वर ओढीत, त्यांत हेंच मर्म होतें. फक्त एका अंगठ्यापेक्षां सबंध चवडा ओढला, तर ताण नीट बसतो. उभें राहून टांच जमिनीवर टेकल्यानेंहि गोळा सुटतो. परंतु ज्यांचा तोल जातो, त्यांनीं अंधारांत तें धाडस करूं नये. काकूंचें मनगट त्याच धाडसानें मोडलें.

गोळा येऊंच नये म्हणून निजण्यापूर्वीं पोटऱ्यांस ताण देण्याचा परिपाठ ठेवावा. भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभें राहावें. दोन्ही तळहात भिंतीस टेकावे. एक पाय मागें न्यावा, त्याचा गुडघा सरळ व टांच जमिनीस टेकलेली असावी. मग पुढचा गुडघा किंचित् वांकवून अंग भिंतीकडे झुकवावें. मागल्या पोटरींत ताण जाणवला कीं दहा ते तीस अंक मोजेपर्यंत थांबावें. दोन्ही पायांनीं तीन-तीन वेळां असें करावें. ज्यांस उभें राहणें कठीण, त्यांनीं खाटेवर पाय पसरून पंच्याच्या साहाय्यानें तेंच करावें. सर्व मिळून पांच मिनिटेंहि लागत नाहींत.

यानें गुण येतोच काय? वाचकांपासून आम्ही कांहीं लपवूं इच्छीत नाहीं. हॉलंडमध्यें ५५ वर्षांवरील ८० माणसांवर प्रयोग करून २०१२ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. निम्म्यांनीं सहा आठवडे रोज निजण्यापूर्वीं पोटरीस व मांडीच्या मागल्या बाजूस ताण दिला, निम्म्यांनीं दिला नाहीं. ताण देणाऱ्यांचे गोळे स्पष्टपणें कमी झाले व त्यांची तीव्रताहि उतरली. परंतु २००५ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत, गोळ्यांसाठीं आधींच औषध घेत असलेल्या वृद्धांस अशा ताणाचा विशेष लाभ दिसला नाहीं. म्हणजे हा रामबाण नव्हे. तथापि यास पैसा पडत नाहीं व अपाय होत नाहीं. म्हणून सहा आठवडे नेमानें करून पाहावा आणि मग आपल्या अनुभवानें ठरवावें.

औषधांविषयीं मात्र आम्हांस जरा स्पष्ट बोललें पाहिजे. १८२० सालीं सिंकोना झाडाच्या सालींतून क्विनाइन वेगळें काढण्यांत आलें आणि हिंवतापावरचें मोठें शस्त्र मनुष्याच्या हातीं आलें. बंगाल प्रांतांत १८९२ पासून त्याच्या पुड्या टपालकचेऱ्यांत एकेका पैशास मिळूं लागल्या होत्या. पुढें १९४० सालीं दोन अमेरिकन डॉक्टरांनीं रात्रीच्या गोळ्यांवर तें लागू पडतें असें लिहिलें, आणि तेव्हांपासून तें पाश्चात्त्य देशांत वृद्धांच्या उशाशीं येऊन बसलें. तें अगदींच निरुपयोगी आहे असें नाहीं. गोळे थोडेसे कमी होतात. परंतु त्याची किंमत भारी आहे. क्वचित् रक्त गोठविणाऱ्या कणांचा एकाएकीं नाश होऊन प्राणांतिक रक्तस्राव होतो, हृदयाचे ठोके बिघडतात, कानांत आवाज येतात, दृष्टीस इजा होते. म्हणून अमेरिकन सरकारनें १९९४ सालीं, गोळ्यांसाठीं डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून तें विकण्यास मनाई ठरविली. आणि २००६ सालीं आणखी कडक पावलें उचलतांना, १९६९ पासून त्या औषधाशीं जोडलेल्या ९३ मृत्यूंची नोंद आपल्याकडे असल्याचें जाहीर केलें. ज्या दुखण्यानें माणूस मरत नाहीं, त्यासाठीं ज्या औषधानें मरूं शकतें तें घेणें, हा कोणता व्यवहार?

दुसरें औषध मॅग्नेशियमचें. आज घरोघर याच्या डब्या दिसतात; परदेशीं असलेले मुलगे-पुतणे त्या मोठ्या प्रेमानें आणतात. आमच्या काकूंच्या कपाटांतहि एक होती. इस्रायलमध्यें ९४ माणसांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांस मॅग्नेशियम दिलें, निम्म्यांस तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. चार आठवड्यांनंतर मॅग्नेशियमवाल्यांचे गोळे आठवड्यास सुमारें आठांवरून साडेचारांवर आले. हें वाचून कोणासहि वाटेल कीं औषध लागू पडलें! पण पोकळ गोळीवाल्यांचे सुमारें साडेआठांवरून साडेपांचांवर आले होते. दोहोंतील फरक नगण्य ठरला. अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून २०२० सालीं काढलेला निष्कर्षहि हाच कीं, वृद्धांच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा सांगण्याजोगा उपयोग होण्याचा संभव नाहीं. ज्यांचें मूत्रपिंड अशक्त आहे, त्यांच्या अंगांत तें सांचून अपाय मात्र होऊं शकतो.

या प्रयोगांत एक मोठें शहाणपण दडलेलें आहे. गोळे आपोआप वाढतात आणि आपोआप ओसरतात. माणूस उपाय शोधूं लागतें तें गोळे ऐन भरांत असतां. त्यानंतर ते ओसरणारच असतात. त्याच वेळीं शेजारणीचें तेल लावलें तर तेलास यश, पुतण्याची गोळी घेतली तर गोळीस यश! काकूंस दीड वर्षांत तीन उपायांनीं 'पंधरा दिवस अगदीं गुण' आला होता, त्याचें रहस्य हेंच. तेल लावणें, काशाच्या वाटीनें तळवे घासणें, यांस आमचा विरोध नाहीं. त्यानें सुख वाटतें आणि कोणी तरी जवळ बसतें, हें थोडें नव्हे. विरोध आहे तो एका घरची गोळी दुसऱ्या घरच्या माणसास देण्यास. चीनमध्यें ६५ वर्षांवरील १९९ माणसांवर 'के-२' जीवनसत्त्वाचा प्रयोग होऊन त्याचा चांगला गुण आल्याचें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें आहे. ही बातमी आशादायक खरी. पण एका प्रयोगावरून नियम बसत नाहीं, आणि रक्त पातळ राहावें म्हणून वॉर्फरिन घेणाऱ्यांस हेंच जीवनसत्त्व घातक होऊं शकतें.

याच्या उलट, चालू असलेल्या एखाद्या औषधानेंच गोळे येत नसतील ना, हें पाहणें पुष्कळदां अधिक फलदायी होतें. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या आणि दम्यासाठीं ओढावयाचीं कांहीं दीर्घकाळ टिकणारीं औषधें यांचा गोळ्यांशीं संबंध आढळला आहे. काकूंच्या डॉक्टरांनीं साऱ्या औषधांची यादी मांडावयास सांगितली, तेव्हां त्रास सुरू झाला त्याच सुमारास रक्तदाबासाठीं अशी एक गोळी सुरू झाल्याचें आढळलें. त्यांनीं ती बदलून दिली. तेवढ्यानें आणि भिंतीपुढील ताणानें गोळे अजिबात गेले नाहींत. पण आठवड्यांतून तीन-चार रात्रीं येत ते आतां महिन्यांतून एखाद-दुसऱ्या रात्रीं येतात. मात्र आपल्या मनानें कोणतेंहि औषध बंद करूं नये; यादी घेऊन डॉक्टरांकडे जावें.

पायाचें प्रत्येक दुखणें गोळा नसतें, हेंहि घरच्या माणसांनीं ओळखावयास शिकलें पाहिजे. कांहीं अंतर चाललें कीं पोटरी भरून येते आणि थांबलें कीं बरें वाटतें, असें असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असण्याचा संभव असतो; मधुमेही व तंबाखूची संवय असलेल्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. पाऊल गार पडणें, जखम न भरणें, हीं त्याचीच पुढील चिन्हें होत. चालतांना दोन्ही पाय जड होऊन, वांकल्यानें किंवा बसल्यानें आराम पडत असेल, तर दोष कण्यांत असूं शकतो. एकच पाय सुजला, गरम व लाल झाला आणि दुखणें तासन् तास राहिलें, तर शिरेंत रक्ताची गांठ झाली असावी. अशा वेळीं पाय न चोळतां त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें, कारण ती गांठ फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेततें. कांहींजणांस निजतांना पाय सारखे हलवावेसे वाटतात व उठून फिरल्यावर बरें वाटतें. मांस मात्र कठीण होत नाहीं. हा निराळा विकार आहे. १९४५ सालीं स्वीडनमधील डॉ. एक्बोम यांनीं त्याचें सविस्तर वर्णन केलें. पुष्कळदां त्याच्या मुळाशीं अंगांतील लोहाची उणीव असते. जुलाब-वांत्या होऊन पायांत गोळे आले, तर पाणी व क्षार झपाट्यानें जात आहेत असें समजून लगेच जलसंजीवनी सुरू करावी व डॉक्टर गांठावा. पटकीच्या दिवसांत आपल्या आजोबा-पणजोबांनीं या गोळ्यांचा धसका घेतला होता तो यासाठींच. तसेंच पाय अशक्त होत चालले, मांस झडूं लागलें, किंवा हात-पाठ यांतहि गोळे येऊं लागले, तर वेळ दवडूं नये.

आतां राहिली गोष्ट घराची. वृद्ध माणसाच्या खाटेशीं हातास सांपडेल असा दिवा असावा. पंचा उशाशीं असावा. खाटेपासून न्हाणीघरापर्यंतची वाट मोकळी असावी. तेथें पायपुसणीं, पाट, मुलांचीं खेळणीं पसरलेलीं नसावींत. हाक मारण्यास संकोच वाटत असेल, तर एक लहानशी घंटा ठेवावी. आमच्या घरीं देवघरांतील जुनी घंटा काकूंच्या उशाशीं आली आहे, आणि धाकटी नात त्यांच्या खोलींत निजूं लागली आहे. चवडा कसा लोटावा हें त्या नऊ वर्षांच्या मुलीस इतकें चांगलें साधलें आहे कीं, आम्हां मोठ्यांस ती तें शिकवूं पाहते!

पण या सर्वांहून अधिक गरज आहे ती विचारण्याची. आपल्या घरांतील वडील मंडळी सांगत नाहींत, कारण आयुष्यभर त्यांनीं दुसऱ्यांच्या झोपेची काळजी वाहिली. ती संवय या वयांत सुटत नाहीं. म्हणून "बरें आहे ना?" असें ओझरतें विचारून भागत नाहीं, त्याचें उत्तर "बरें आहे" हेंच यावयाचें. "रात्रीं पायांत गोळा येतो का? किती वेळां येतो? उठावें लागतें का?" असें नेमकें विचारावें. वाचकहो, हा अंक हातावेगळा करण्यापूर्वीं आपल्या घरांतील थोर माणसाजवळ क्षणभर बसा आणि एवढे तीन प्रश्न विचारा. कदाचित् उत्तर "नाहीं" असेंच येईल, आणि तसें आलें तर आनंदच आहे. पण "अगं, येतो अधूनमधून, त्यांत काय सांगावयाचें?" असें उत्तर आलें, तर आमचा हा लेख लिहिण्याचा श्रम सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.